खान्देशचं सगळ्यात मोठं शहर सुरत आहे

शहरीकरणावर जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक माणसं जिथं पोहोचतात तिथं बसून लिहिलेलं असतं, म्हणजे मुंबई, लंडन, न्यूयॉर्क, शांघाय. माणसं जिथून निघतात तिथून लिहिलेलं फार कमी सापडतं. मी अमळनेर तालुक्यातला, राहायला जळगावला, आणि निम्मं गणगोत सुरतेला, त्यामुळे ह्या सगळ्या थिअऱ्या वाचताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत राहतो, की आपल्या खान्देशचं शहरीकरण नेमकं झालं कुठं?

आकडे बघा. 2011 च्या जनगणनेत जळगाव शहर 4 लाख 60 हजार, धुळे पावणेचार लाख, भुसावळ 1 लाख 87 हजार, नंदुरबार 1 लाख 11 हजार. चौघांची बेरीज साडेअकरा लाखाच्याही आतच. आणि सुरत महापालिका त्याच वर्षी 44 लाखांच्या वर, 2001 ला ती 24 लाखांवर होती. मधे हद्दवाढ झाली हे खरंय, पण नुसत्या हद्दवाढीने इतकी माणसं येत नाहीत, ती कुठून तरी उठून आलेली असतात. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, ह्या भागात एकदा फिरून या, गल्लीत अहिराणी ऐकू येईल, श्रावणात कानबाई (आपली खान्देशची देवी) बसलेली दिसेल, खापरावरचे मांडे भाजणाऱ्या बाया दिसतील, कळण्याचं पीठ मिळेल. नवसारीचे खासदार आणि केंद्रीय मंत्री सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले, तिथल्या राजकारणात खान्देशी मतांचा हिशोब धरूनच तिकिटं ठरतात. आणि इकडे सरकारी कागदावर नंदुरबार जिल्ह्यात शहरी लोक 17 टक्क्यांच्या आत, धुळ्यात 28 टक्के, जळगावात 32 च्या आसपास, राज्याची सरासरी 45. मग मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं खान्देश मागे राहिला, इथं शहरीकरण झालंच नाही. झालं की. आपल्या माणसांनीच ते केलं, फक्त नवापूरच्या पलीकडे जाऊन केलं आणि ते दुसऱ्याच राज्याच्या रकान्यात मोजलं गेलं.

नवापूरवरून आठवलं, ते रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, लोक तिथं उतरून फोटो काढतात. ही ताप्ती व्हॅलीची लाईन साधारण 1900 च्या सुमाराची. सुरतहून निघून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत ती आता जळगाव-भुसावळला येऊन मिळते. दोन राज्यं 1960 ला वेगळी झाली, लाईन त्याआधी साठ वर्षं चालू होती. म्हणजे आपल्याकडच्या माणसाला सुरत 'परराज्य' वाटायचं कारणच नव्हतं, पुण्यापेक्षा सुरत जवळ, तिकीट स्वस्त, आणि उतरलं की कुणीतरी घ्यायला येणारच.

आता थिअरी काय म्हणते ते बघू. 1954 मध्ये आर्थर लुईस नावाच्या अर्थतज्ज्ञाने मांडलं (सेंट लुशिया बेटावरचे, पुढे 1979 ला त्यांना नोबेल मिळालं) की शेतीत गरजेपेक्षा जास्त हात अडकलेले असतात, ते कारखान्यात नेले तरी शेतीचं उत्पन्न फारसं घटत नाही, म्हणून देशाने हे हात शहराकडे न्यावेत आणि त्यातून उद्योग वाढवावेत. पुढे 1969-70 मध्ये टोडॅरो आणि हॅरिस यांनी विचारलं की शहरात बेकारी दिसत असूनही लोक का येतात? त्यांचं उत्तर असं, की माणूस आजचा पगार बघत नाही, मिळू शकेल असा पगार आणि तो मिळण्याची शक्यता ह्यांचा गुणाकार करून निघतो. ऐकायला बरोबर वाटतं. पण ह्याच थिअरीतून एक वाक्य जगभरच्या नगरविकास खात्यांमध्ये जाऊन बसलं, की शहरात नोकऱ्या आणि सोयी वाढवल्या तर आणखी लोंढे येतील. झोपडपट्टीला नळ नको, दिला तर अजून येतील. हे वाक्य मी आमच्याकडच्या एका सुशिक्षित, चांगल्या मनाच्या माणसाच्या तोंडून ऐकलंय आणि मला तेव्हा खूप राग आला होता, अजूनही येतो.

कारण माणसं गुणाकार करून निघत नाहीत हो. आमच्या गावातून जो गेला तो कुणाच्या तरी खोलीवर गेला. आधी आत्याचा मुलगा गेला, त्याने साडूला बोलावलं, साडूने गावातल्या दोघा पोरांना प्रिंटिंग मिलमध्ये चिकटवलं, मग एकाने टेम्पो घेतला, एकाच्या बायकोने साडीवर टिकल्या-लेस लावायचं काम घरी आणलं. पगार किती हे विचारायच्या आधी 'राहशील कुठं' हे ठरलेलं असतं. आणि लुईसच्या हिशोबात तर एक माणूस पूर्ण गायब आहे, ती म्हणजे मागे राहिलेली बाई. नवरा सुरतेला गेला तरी कापूस वेचायचा राहत नाही, गुरं बांधलेली राहतात, सासू-सासऱ्यांचं दुखणं राहतं. ते काम ती करते म्हणून शेतीचं उत्पन्न घटत नाही. थिअरीत त्याला 'जादा हात निघून गेले' म्हणतात. जादा कोण होतं तिथं?

शिकागो विद्यापीठातल्या बर्जेसने 1925 मध्ये शहराचं एक चित्र काढलं, आजही एमएच्या भूगोलात असतं, मधे बाजारपेठ आणि तिच्याभोवती गोल गोल पट्टे, नवा आलेला गरीब माणूस मधल्या जुन्या वस्तीत उतरतो आणि पैसा आला की बाहेरच्या पट्ट्यात सरकतो. ते शिकागोपुरतं ठीक असेल. सुरतेत आपला माणूस उतरला तोच मुळात कडेला, जिथं शेतात विना-परवानगी सोसायट्या पडत होत्या तिथं, आणि तो कुठं सरकला नाही, शहरच त्याच्या अंगावरून पुढे गेलं. डिंडोलीत चाळीस वर्षांपूर्वी प्लॉट घेतलेल्या माणसाला आज विचारा.

मला जे खरंच महत्त्वाचं वाटतं ते मात्र पुढे आहे. शहर वाढतं ते आपोआप, हवापाण्यासारखं वाढतं असं आपण बोलतो, पण कुणाला शहरात राहायचा पूर्ण हक्क आणि कुणाला फक्त राबायची परवानगी हे कुठल्याही देशात आपोआप ठरलेलं नाही. ते कुणीतरी बसून ठरवलंय.

चीनमध्ये 1958 पासून हुकोऊ नावाची नोंदणी आहे. प्रत्येक कुटुंबाची नोंद एका ठिकाणाला बांधलेली, ग्रामीण किंवा शहरी, आणि रेशनचं धान्य, घर, शाळा, दवाखाना सगळं त्या नोंदीवर. 1978 नंतर त्यांनी कारखाने उघडले, 1980 मध्ये शेन्झेनला विशेष आर्थिक क्षेत्र केलं, खेड्यातली माणसं कोट्यवधींनी आली, पण नोंद गावालाच राहिली. आज तिथं असे जवळपास 30 कोटी कामगार आहेत. आईबाप शहरात आणि पोरं आजी-आजोबांकडे गावात, कारण शहरातल्या सरकारी शाळेत प्रवेशाला अडचण आणि विद्यापीठाची प्रवेश परीक्षा बहुतेक वेळा नोंद असलेल्या प्रांतातच द्यायची. मधे बरेच नियम सैल केले, लहान शहरांत नोंद मिळणं सोपं झालं, पण बीजिंग-शांघायसारख्या ठिकाणी दार अजून घट्टच आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये बीजिंगच्या कडेला दाशिंग भागात एका इमारतीला आग लागून 19 माणसं गेली, बहुतेक बाहेरून आलेले कामगार. त्यानंतर सुरक्षेच्या नावाखाली ऐन थंडीत अशा वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या केल्या.

दक्षिण आफ्रिकेत तर हे उघड उघड रंगावर होतं. काळ्या माणसाने शहरात यायचं ते कामापुरतं, खिशात पास हवा. कायमचं राहायचा हक्क कुणाला? जो जन्मापासून तिथंच राहिलाय, किंवा एकाच मालकाकडे सलग 10 वर्षं काम केलंय, किंवा 15 वर्षं कायदेशीर वास्तव्य केलंय. विचार करा, एकाच मालकाकडे सलग 10 वर्षं! म्हणजे मालकाने काहीही केलं तरी नोकरी सोडायची नाही, सोडली तर शहर गेलं. पासच्या विरोधात 1960 ला शार्पव्हिलला लोक जमले तर पोलिसांच्या गोळीबारात 69 मेले. हा पासचा कायदा रद्द व्हायला 1986 उजाडलं.

आपल्याकडे असं काही नाही. राज्यघटनेच्या 19 व्या कलमाने कुणालाही देशात कुठंही जायचा, कुठंही राहायचा हक्क दिलाय आणि हा हक्क किती मोठा आहे हे वरची दोन उदाहरणं वाचल्यावर कळतं. पण हक्क वापरायला कागद लागतो आणि कागद गावाकडे असतो. आमच्यातल्या किती जणांचं रेशन कार्ड गावचं, मतदान गावचं, आणि बारा महिने मुक्काम लिंबायतला. रेशनचं थोडं सुधारलं, ऑगस्ट 2019 मध्ये कार्ड दुसऱ्या राज्यात चालवायची योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या दोन जोड्यांपैकी एक आंध्र-तेलंगणा आणि दुसरी महाराष्ट्र-गुजरात होती, हे चांगलं झालं. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते हेही चांगलं. पण नंदुरबारच्या भिल्ल माणसाचं काय? तो महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत, गुजरातच्या यादीतही भिल्ल आहेत, तरी कामाला जाऊन तिथं स्थायिक झाला तर गुजरातमध्ये त्याला ते आरक्षण मिळत नाही, सुप्रीम कोर्टाने 1990 मध्येच एका निकालात सांगितलंय की जात-जमातीचा दर्जा राज्य बदललं की सोबत येत नाही. नवापूरच्या प्लॅटफॉर्मवर इकडून तिकडे चार पावलं टाकली की माणूस तोच, नदी तीच, बोली जवळपास तीच, आणि हक्क संपला. ह्याला पास म्हणत नाहीत एवढंच.

आणि 2020 चा लॉकडाऊन. मुंबई-आग्रा हायवेवरून धुळे-शिरपूरमार्गे चालत जाणारे लोक आपल्याकडच्या कितीतरी जणांनी पाहिले, गावोगावच्या लोकांनी भाकरी दिल्या, पाणी दिलं, चपला दिल्या. 8 मे 2020 ला पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली 16 मजूर गेले ते जालन्याच्या स्टील कारखान्यातले, मध्य प्रदेशचे, आणि ते चालत निघाले होते भुसावळला. आपल्या भुसावळला. तिथून घरी जायला गाडी मिळेल म्हणून. रुळावर पसरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. ज्या शहरांनी आणि कारखान्यांनी त्यांचं काम घेतलं त्यांच्याकडे त्यांना दोन महिने ठेवून घ्यायची काही व्यवस्था नव्हती. फिरत्या मजुरांसाठी 1979 पासून आपल्याकडे आंतरराज्य कामगारांचा कायदा होता, त्यात नोंदणी, विस्थापन भत्ता, प्रवास भत्ता सगळं लिहिलेलं, पण ह्या माणसांची नोंद कुठं होती?

हेन्री लफेव्र नावाच्या फ्रेंच विचारवंताने 1968 मध्ये 'शहरावरचा हक्क' ही कल्पना मांडली. त्याचं म्हणणं मोठं साधं आहे, की शहर हे त्यात राहणाऱ्या, राबणाऱ्या, रोज त्याला घडवणाऱ्या सगळ्यांचं, मालकी हक्क किंवा नागरिकत्वाचा कागद बघून ते वाटायचं नाही. पुढे डेव्हिड हार्वीने त्यात पैशाची बाजू भरली, की भांडवल साचलं की त्याला गुंतवायला जागा लागते आणि शहरं पाडून पुन्हा बांधणं ही त्यातली सगळ्यात मोठी जागा. 1853 नंतर हौसमानने पॅरिस फोडून रुंद रस्ते काढले ते असंच, गरीब मधून उठून कडेला गेले. हे वाचताना मला लांबचं काही वाटत नाही. जळगावच आहे ना असं. 1860 च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच वेळी रेल्वे आली, जळगावची बाजारपेठ फुगली आणि 1865 ला युद्ध संपताच भाव कोसळून व्यापारी बुडाले. आपलं शहर जन्मापासून जगाच्या बाजाराला बांधलेलं आहे.

लफेव्र 1970 मध्ये आणखी पुढे गेला आणि म्हणाला की सगळा समाजच शहरी होत चाललाय, शहर आणि खेडं ही वाटणी संपत चाललीय. गेल्या दहा-पंधरा वर्षांत नील ब्रेनर आणि ख्रिश्चन श्मिड यांनी हेच धरून मांडलं की शहरीकरण बघायचं तर उंच इमारती बघू नका, त्या इमारतींसाठी कुठली खाण खणली, कुठली नदी अडवली, कुठलं जंगल गेलं ते बघा, ते सगळं शहरीकरणच आहे. ह्या मांडणीवर टीका बरीच झाली, की सगळंच शहर म्हटलं तर मग शहर म्हणजे काय उरलं, आणि गावाचं स्वतःचं राजकारण त्यात पुसलं जातं. टीका मला पटते. तरी खान्देशात बसून ही मांडणी वाचली की अंगावर येते.

गिरणेचं पात्र बघा. चाळीसगावपासून खाली भडगाव, पाचोरा, एरंडोल, धरणगाव, जळगाव तालुक्यापर्यंत कुठंही बघा. जगभरात वर्षाला 50 अब्ज टन वाळू-खडी लागते असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा अंदाज आहे, आणि एकट्या चीनने 2011 ते 2013 ह्या तीन वर्षांत जेवढं सिमेंट वापरलं तेवढं अमेरिकेने अख्ख्या विसाव्या शतकात वापरलं नव्हतं. तर त्या 50 अब्ज टनांतले काही टन आपल्या गिरणेतून रात्री डंपरमध्ये जातात. पात्रात खडक उघडा पडलाय, काठच्या विहिरींना पाणी खोल गेलं, तलाठ्याच्या अंगावर ट्रॅक्टर घातल्याच्या बातम्या येतात, गावातली पोरं त्याच धंद्यात, आणि शहरात स्लॅब पडतो. ज्या गावाच्या विहिरीचं पाणी गेलं ते गाव जनगणनेत ग्रामीण. पण त्याचं जे झालं ते शहरामुळेच झालं ना?

तापी घ्या. सुरतेला पाणी, कारखान्यांना पाणी, त्याच्या वर उकाई धरण, 1972 चं. त्या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यात तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातले आदिवासीही होते. नर्मदा घ्या. सरदार सरोवरात अक्राणी आणि अक्कलकुव्याची 33 गावं आली, मणिबेली त्यातलं पहिलं, माणसं तळोदा-शहाद्याकडे वसाहतींमध्ये आणून बसवली, किती जणांचा पुनर्वसनाचा झगडा वर्षानुवर्षं चालला. अहमदाबादेत साबरमतीचा जो सुंदर रिव्हरफ्रंट आहे त्यातलं पाणी नर्मदेच्या कालव्याचं आहे. लोक तिथं संध्याकाळी फिरायला जातात, जावंच, चांगली जागा आहे. पण ती जागा बनवण्यात सातपुड्यातल्या त्या 33 गावांचा हिस्सा आहे, आणि रिव्हरफ्रंटवर कुठंही मणिबेलीचं नाव लिहिलेलं नाही. ते लिहावं असं मला मनापासून वाटतं.

आता घराकडे येऊ. आपल्याकडे जिथं नगरपालिका आहे ते शहर धरतातच, पण जिथं ती नाही त्या गावाला शहर कधी म्हणायचं ह्याची जनगणनेची व्याख्या तीन अटींची आहे. लोकसंख्या किमान 5,000, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात. पुरुषांपैकी! बायका शेतात राबत असल्या तरी त्या ह्या हिशोबात धरल्याच जात नाहीत. म्हणजे गावातले पुरुष एमआयडीसीत, रिक्षावर, टपरीवर गेले की गाव शहर झालं, आणि त्यांच्या बायका निंदणी-वेचणीला जातात ते कुठं मांडलंच जात नाही. 2001 मध्ये देशात अशी 1,362 'जनगणना शहरं' होती, 2011 मध्ये 3,892 झाली. ह्यांना नगरपालिका नाही, बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतच आहे. गटार शहराइतकी लागते आणि निधी गावाइतका येतो.

मग ग्रामपंचायती स्वतःहून नगरपंचायत का मागत नाहीत, तर त्यालाही कारण आहे. घरपट्टी वाढेल, रोजगार हमीची कामं जातील, ग्रामीण भागाच्या घरकुलाचा कोटा जाईल. आणि ग्रामसभा जाईल. धुळ्याची 2018 ला हद्दवाढ झाली, वलवाडी, अवधान, महिंदळे अशी गावं महापालिकेत आली. शहर वाढलं की हद्द वाढवावीच लागते, त्याला माझा विरोध नाही. पण गावात चार माणसं ग्रामसभेत उठून सरपंचाला विचारू शकत होती की हा पैसा कुठं गेला, ते उठून विचारणं हद्दवाढीने एका दिवसात संपतं. 74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे, तिच्यात 18 विषय शहराच्या सभागृहाला द्यायचे म्हटलंय, पण तुमच्या गल्लीची सभा कधी झाली सांगा. आणि सभागृह तरी कुठं होतं? निवडणुका लांबल्या, राज्यातल्या कितीतरी महापालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक होते, मुंबईत मार्च 2022 पासून, पुढे जळगाव-धुळेही त्याच रांगेत. त्यात जकात गेली, तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला नि गेला, 2017 ला जीएसटी, आता शहराचा स्वतःचा पैसा फारसा उरलेलाच नाही, डोळे मंत्रालयाकडे लावून बसायचं. आमच्या कॉलनीत पाइपलाइनसाठी खोदलेला रस्ता पुढचा पावसाळा येईपर्यंत तसाच होता, ज्या ऑफिसात जावं तिथं दुसऱ्याचं नाव सांगायचे, आणि विचारायला नगरसेवकही नव्हता.

ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्रे नावाचं शहर आहे, तिथं 1989 पासून महापालिकेच्या बजेटचा एक भाग वस्त्यावस्त्यांत सभा घेऊन ठरवायला लागले. लोक येऊन सांगायचे आधी गटार, मग रस्ता, मग शाळा. गरीब वस्त्यांत पाणी आणि गटारीच्या जोडण्या वाढल्या. पुढे सत्ता बदलली, पैसा आटला, प्रयोग क्षीण झाला, हेही सांगायलाच पाहिजे, पण तोवर जगातल्या शेकडो शहरांनी तो उचलला होता. त्याच देशाच्या 1988 च्या घटनेत असं आहे की शहरात 250 चौरस मीटरपर्यंतच्या खासगी जागेवर कुणी 5 वर्षं सलग, वाद न होता, स्वतःचं घर म्हणून राहिला आणि त्याची दुसरी मालमत्ता नसेल, तर जागा त्याच्या नावावर होऊ शकते. 2001 मध्ये त्यांनी शहराचा वेगळा कायदाच केला आणि त्यात मालमत्तेने समाजाचंही काम केलं पाहिजे हे लिहिलं. योगायोग बघा, त्याच 2001 मध्ये आपल्या महाराष्ट्राने गुंठेवारीचा, म्हणजे विना-परवानगी पाडलेले छोटे प्लॉट नियमित करायचा कायदा केला. आपल्या कायद्यात प्लॉट नियमित होतो तो दंड आणि विकास आकार भरून, म्हणजे ज्याच्याकडे पैसे त्याचा. जळगावच्या कडेला, धुळ्याच्या कडेला, साध्या शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर प्लॉट घेऊन पत्र्याच्या घरात राहणारा माणूस ते भरू शकत नाही म्हणून तो आयुष्यभर अनधिकृत. आणि शेजारी एनए झालेल्या लेआउटमध्ये निम्मे प्लॉट रिकामे, गाजर गवत वाढलेलं, मालक कधी आला तर भाव विचारायला. मला हे अजिबात पटत नाही. राहणाऱ्याला पट्टा द्या आणि रिकाम्या प्लॉटवर जबर कर लावा, दोन्ही करता येण्यासारखं आहे.

आता सगळ्यात जवळची गोष्ट. जनगणना येतेय. संदर्भ तारीख 1 मार्च 2027, म्हणजे माणसं मोजायचं काम फेब्रुवारीत. आणि फेब्रुवारीत आपल्या नंदुरबार-धुळ्याची कोयता घेऊन गेलेली कुटुंबं कुठं असतात? बारडोलीच्या पट्ट्यात, उसाच्या फडात. यान ब्रेमन नावाचे डच समाजशास्त्रज्ञ 1960 च्या दशकापासून दक्षिण गुजरातेत फिरतायत, त्यांनी ह्या खान्देशी ऊसतोड मजुरांवर कधीचं लिहून ठेवलंय, दिवाळीच्या सुमारास जायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचं. मागच्या वेळच्या नियमानुसार मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही त्याची नोंद घरी होत नाही, जिथं सापडेल तिथं होते. फडावरच्या पालात प्रगणक पोहोचला तर ठीक, तिथं नोंद होईल, तीही दुसऱ्या राज्यात. नाही पोहोचला तर तो माणूस कुठंच नाही. आणि पुढची दहा वर्षं वित्त आयोगाचा पैसा, मतदारसंघ, प्रभाग, आदिवासींच्या राखीव जागा, अंगणवाडीचा कोटा, सगळं ह्या मोजणीवरून ठरणार आहे.

माझ्या ओळखीतले काही शिक्षक ह्या वेळी प्रगणक असतील. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर, साक्री ह्या तालुक्यांतल्या सरपंचांना, ग्रामसेवकांना, आशाताईंना एकच सांगणं आहे, ऑक्टोबरमध्ये मुकादमाची गाडी गावातून निघायच्या आधी कोण कुठल्या कारखान्यावर चाललंय, सोबत किती पोरं, कुठल्या गावाच्या शिवारात पाल पडणार, ह्याची यादी करून ठेवा आणि तहसीलदारांकडे द्या, एक प्रत सुरत आणि तापी जिल्ह्याच्या कलेक्टरकडे जाईल असं बघा. लिंबायत-डिंडोलीतल्या आपल्या मंडळांनीही मनावर घ्यावं. यादीचा साधा नमुना मी करतोय, कुणाला त्यात भर घालायची असेल तर खाली लिहा, अहिराणीत लिहिलं तरी चालेल.